काखेत कळसा, गावाला वळसा : चाराने गुणणाऱ्यास खुलं पत्र

महाशय,

पत्राच्या डोक्यावर ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती मी आज मोडते आहे. तुमच्याविषयी प्रेम वाटावं असं गेल्या तीन आठवड्यांत मला काही सापडलेलं नाही, आणि मनात नसलेला नमस्कार कागदावर करायची मला सवय नाही.

तुमचं नाव मला ठाऊक आहे. तुमच्या प्रत्येक फाइलच्या इतिहासात ते तारखेसकट आहे. इथे ते लिहीत नाही, आणि जिथे हे घडलं त्या कंपनीचंही लिहीत नाही. तुम्ही स्वतःला ओळखाल, तेवढं पुरे. ओळख पटायला एक खूण देते. तुम्ही नोकरी सोडून गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात, मार्गशोधाच्या फाइलमध्ये, तुम्ही एका ओळीत ‘अंदाज गुणिले चार’ असं केलंत आणि शेजारी टीप लिहिलीत : ‘जलद’. एवढा एकच शब्द. किती जलद, कशाच्या बदल्यात जलद, कोणाच्या पैशाने जलद, काही नाही. त्या एका शब्दाचं बिल आमच्या टेबलावर आलं आहे आणि ते मी तुमच्या नावावर लावते आहे.

झालं काय ते आधी सांगते.

आमच्या गेममध्ये डोंगरी किल्ला आहे. आमची चित्रकार त्यासाठी रायगडावर दोनदा जाऊन आली, महादरवाजापाशी बसून तिने वही भरून रेखाटनं केली. हिरोजी इंदुलकरांनी बांधलेला तो दरवाजा समोरून दिसत नाही. दोन बुरूज पुढे आलेले, त्यांच्या कुशीत, आत वळल्यावर दार. गोमुखी बांधणी म्हणतात तिला. नाकासमोर चालत येणाऱ्याला दगड लागावा आणि दार सापडेपर्यंत तो दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात यावा, हाच तिचा हेतू. आमच्या नकाशातलं दार तिने तसंच काढलं. तशा दारामुळेच त्या पातळीला मजा यायला हवी होती.

रविवारी माझा भाचा घरी आला होता. सहावीत आहे. त्याच्या हातात मी फोन दिला. किल्ल्याच्या पायथ्याशी त्याचे वीस भालाईत उभे होते, स्वतःच्याच किल्ल्यात परतायचं होतं, दार उघडं होतं. त्याने दारावर बोट ठेवलं. वीसच्या वीस धावत निघाले. चढ चढले, सरळ उजव्या बुरुजाच्या पायाशी गेले आणि दगडाला नाक लावून उभे राहिले. दार तिथून बुरुजाच्या पोटाला वळसा घातला की लगेच. त्याने पुन्हा बोट ठेवलं. भालाईतांनी जागच्या जागी पावलं उचलली आणि खाली टेकवली.

‘मावशी, ह्यांना दार दिसत नाही का?’

मग त्याने जे केलं ते मला बघवलं नाही. एकेका ठिकाणी बोट टेकवत, आधी मागे, मग बाजूला, मग वर, असं त्याने त्या वीस जणांना आंधळ्याचा हात धरावा तसं दारापर्यंत नेलं. मला विचारलं, ‘प्रत्येक वेळी असंच करायचं?’ मी काही बोलले नाही. फोन टेबलावर ठेवून तो खाली क्रिकेट खेळायला गेला. दोन वर्षं आम्ही ज्याच्यासाठी राबलो तो माणूस हा. चित्रं आवडली का, संगीत कसं होतं, काही न बोलता गेला. खेळणारा पुष्कळ माफ करतो. पण ‘तिकडे जा’ म्हटल्यावर आपलाच माणूस भिंतीशी जाऊन उभा राहिला तर तो माफ करत नाही, आणि का करावं त्याने? खेळ त्याला पहिल्याच मिनिटाला एक शब्द देतो : तू सांगशील तिथे तुझी माणसं शहाण्यासारखी जातील. तुम्ही तो शब्द मोडलात, आमच्या नावाने.

आता तुमच्या गुणाकाराकडे येते. तुमच्यासाठी नाही, तुम्हाला हे माहीत होतं, म्हणून तर राग आहे. इतरांना कळावं म्हणून लिहिते.

नकाशा म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी घरं. सरळ शेजारच्या घरात जायला खर्च १०, तिरप्या घरात जायला १४, कारण कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट असतो आणि पूर्णांकात हिशेब सोपा पडतो. ए-स्टार नावाची शोधाची रीत प्रत्येक घराला दोन आकडे लावते. एक, इथवर यायला लागलेला खर्च. तो खरा असतो. दुसरा, इथून पुढे किती लागेल त्याचा अंदाज. दोन्हींची बेरीज ज्या घराची सर्वांत कमी, ते घर आधी उघडायचं. अंदाज शून्य धरला तर शोध टीपकागदावरच्या शाईसारखा चारी बाजूंनी पसरतो, वाट अचूक सापडते, पण वेळ लागतो. अंदाज चांगला असला तर शाई मुक्कामाच्या दिशेने ओघळते.

या रीतीला एक अट आहे आणि ती १९६८ साली, रीतीसोबतच सांगितली गेली. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एसआरआय या संशोधन संस्थेत पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल हे तिघे शेकी नावाच्या एका डुगडुगत्या यंत्रमानवाला खोलीतून वाट काढायला शिकवत होते. त्यांनी सिद्ध केलं की अंदाज खऱ्या उरलेल्या खर्चापेक्षा कधीच जास्त नसेल तर सापडलेली वाट सर्वांत स्वस्त असते. कमी चालेल, जास्त चालणार नाही. कारण साधं आहे. एखाद्या वाटेचा खर्च तुम्ही कमी सांगितलात तर माणूस त्या वाटेने थोडा जातो, खरं काय ते कळतं, परत फिरतो. गेला तर थोडा वेळ गेला. जास्त सांगितलात तर तो त्या वाटेकडे फिरकतच नाही. वाट चांगली होती हे त्याला कधी कळतही नाही. तुम्ही त्या वाटेची बदनामी केलेली असते आणि खोटेपणा उघडा पडायची सोयही ठेवलेली नसते.

तुम्ही दोनदा जास्त सांगितलंत. पहिल्यांदा अंतर मोजताना. तिरपं चालायची मुभा असताना तुम्ही आडवं अधिक उभं असं मोजलंत. दार तीन घरं डावीकडे आणि तीन घरं वर असेल तर मोकळ्या जमिनीवर तिरप्या तीन पावलांत पोचता येतं, खर्च ४२. तुमचं माप म्हणतं ६०. आणि मग दुसऱ्यांदा, त्याला चाराने गुणून, २४०. बेचाळीसच्या जागी दोनशे चाळीस! एवढी थाप मारायला माणसाला काहीतरी घसघशीत कारण लागतं. तुमचं कारण होतं ‘जलद’.

आता त्या भालाईताला बुरुजाच्या पायाशी उभा करा. दार सापडायचं तर आधी दारापासून दूर जायला हवं. दूरच्या एका पावलाला खरा खर्च १०, आणि प्रामाणिक अंदाज १० ने वाढला असता. बेरीज २० ने वर. तुमच्या हिशेबात ती ५० ने वर जाते, कारण अंदाज ४० ने फुगतो. चार पावलं मागे जाणं म्हणजे २०० चा भुर्दंड. त्यापेक्षा बुरुजाच्या पायाशी असलेलं प्रत्येक घर, प्रत्येक खाच, प्रत्येक कोपरा स्वस्त. म्हणून तुमचा शोध तिथेच घुटमळतो, भिंतीजवळची सगळी घरं उघडून बघतो. तेवढ्यात तुमचीच दुसरी अट लागू होते : ३०० घरं उघडून झाली की थांबा आणि त्यातल्या त्यात जवळचं वाटलेलं घर परत द्या. जवळचं वाटलेलं घर कोणतं? बुरुजाचा पाया. कोकणात रात्रीच्या वाटसरूला चकवा लागतो म्हणतात, तो निदान फिरत तरी राहतो. तुमच्या माणसाला तेवढंही जमत नाही.

नाकासमोर चालणारा माणूस असं आपण ज्याचं कौतुक करतो, तो सरळ वागणारा असतो. त्याच्या वागण्यात खोट नसते. तुमच्या भालाईताला नाकासमोर चालायला लावलं ते खोटेपणाने.

वजन देऊन अंदाज फुगवणं ही युक्ती तुम्ही शोधलेली नाही, आणि ती मुळात वाईटही नाही. आयरा पोल यांनी १९७० मध्येच ती मांडली. पण तिच्याबरोबर हमीपत्र येतं. खरा, कमी सांगणारा अंदाज घेऊन त्याला दीडाने गुणलंत तर मिळणारी वाट फार तर सर्वोत्तम वाटेच्या दीडपट महाग असेल, त्याहून नाही. म्हणजे किती वाईट होऊ शकतं ते आधी माहीत असतं आणि ते मान्य करून पुढे जायचं असतं. तुम्ही चाराने गुणलंत ते मुळातच फुगलेल्या अंदाजाला. तिरप्या वाटेवर तुमचं माप १४ च्या जागी २० सांगतं. त्याची चौपट म्हणजे साडेपाच पटीहून जास्त. साडेपाच पट लांबचा द्राविडी प्राणायाम चालेल, असं तुम्ही कोणाला विचारून ठरवलंत? मला कोणी विचारलं नव्हतं. भाच्याला तर नाहीच.

इथवरचं मी गिळलं असतं. पुढचं गिळवत नाही.

आमच्या पातळ्या रचणारा एक मुलगा आहे. दीड वर्षापूर्वी लागला, तुमची त्याची भेट नाही. किल्ल्याला त्याने दगडी पायऱ्यांची वाट काढली, वळणावळणाची, आणि सैनिकांनी चढावरून न जाता त्या वाटेने जावं म्हणून वाटेचा खर्च १० वरून ५ केला. बरोबर केलं, असंच करतात. पण सैनिक पायऱ्यांकडे ढुंकूनही बघत नसत, उभ्या चढाने झाडाझुडपातून वर जात. मग त्याने चढाचा खर्च २० केला. फरक नाही. ३० केला. नाही. ३५ केला. नाही. मग त्याने पायऱ्यांची वाट रुंद केली. चढावर झाडं वाढवली. एकदा तर संपूर्ण उतार पुन्हा घडवला, रात्री बारापर्यंत बसून. तीन महिने हे चाललं आणि तीन महिने तो मीटिंगमध्ये ‘माझ्या नकाशातच काहीतरी चुकतंय’ म्हणत होता. त्याच्या नकाशात काही चुकत नव्हतं. एक घर वर सरकलं की तुमचा अंदाज ४० ने उतरत होता. मग ३५ खर्चून चढ चढणं फायद्याचंच होतं, आणि वाकड्या वाटेवरून ५ खर्चून आडवं जाणं तोट्याचं. त्याने काहीही केलं असतं तरी तुमचा चार त्याच्या वर बसलेला होता.

त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली नाही, आणि ती लक्षात येणं त्याचं काम नव्हतं. ५ खर्चाची वाट नकाशात आली त्या क्षणी १० गृहीत धरणारा कोणताही अंदाज खोटा ठरतो, गुणाकार असो वा नसो. सर्वांत स्वस्त जमीन जितकी, तितकाच धरून अंदाज बांधावा लागतो. हे तुमच्या फाइलच्या वरती दोन ओळींत लिहिलं असतं, ‘जमिनीचा खर्च १० च्या खाली नेऊ नका, नेलात तर इथला आकडा बदला’, तर त्याचे तीन महिने वाचले असते. तुम्ही ‘जलद’ लिहिलंत. गेल्या आठवड्यात मी त्याला कारण दाखवलं तेव्हा तो बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘म्हणजे पहिला नकाशा ठीक होता.’ तो पहिला नकाशा आता कुठे साठवलेला नाही.

तुमच्या बाजूने काय काय सांगितलं जाईल ते मला माहीत आहे, कारण आमच्याच खोलीत ते सांगून झालं आहे.

एक म्हणणं असं, की पॅक-मॅनमधल्या भुतांनी तरी कुठे शोध केला? खरं आहे. १९८० चा तो खेळ, आणि त्यातली भुतं प्रत्येक चौकात फक्त एक घर पुढे बघतात : कोणत्या घरातून लक्ष्य सरळ रेषेत जवळ पडतं, तिकडे वळतात. संपूर्ण नाकासमोर. पण तोरू इवातानी आणि त्यांच्या सोबत्यांनी चक्रव्यूह असा काढला होता की त्यात बंद बोळ एकही नाही, आणि भुतांना मनाला येईल तेव्हा माघारी फिरायची मुभा नाही. त्यामुळे भूत चुकलं तरी अडकत नाही, चालतच राहतं. रीत आणि नकाशा एकमेकांना पाहून केलेले आहेत. तुम्ही तीच रीत गोमुखी दरवाजासमोर उभी केलीत. गोमुख म्हणजे नाकासमोर येणाऱ्याला फसवायला मुद्दाम बांधलेली खोबण! शत्रूसाठी बांधलेल्या सापळ्यात तुम्ही आमचेच सैनिक पाठवलेत.

दुसरं म्हणणं, स्टारक्राफ्टनेही लबाडी केली. केली. १९९८ च्या त्या खेळात खनिज वाहणारे कामगार एकमेकांत अडकून खाणीपाशी कोंडी करत होते. मग ते खनिजाच्या कामावर असताना एकमेकांच्या अंगातून आरपार जातील अशी सोय केली गेली. त्या खेळावर काम केलेल्या पॅट्रिक वायट यांनी पुढे हे स्वतः लिहून सांगितलं, कशामुळे करावं लागलं तेही सांगितलं : चौकोनी घरांवर उभारलेल्या जुन्या इंजिनावर तिरप्या कोनातली चित्रं चढवली होती, त्यामुळे जमिनीचे तुकडे खूप बारीक करावे लागले आणि शोध जड झाला. या लबाडीला मी हात जोडते. ती कोणासाठी आहे, केव्हा लागू आहे, केव्हा संपते, हे ठरलेलं आहे. कामगार खनिज सोडून दुसरीकडे निघाला की पुन्हा घन होतो. खेळणाऱ्याचं त्यात नुकसान नाही; उलट त्याचे कामगार त्याने सांगितलेलं काम निमूट करतात. तुमच्या लबाडीत नुकसान सगळं खेळणाऱ्याचं आणि फायदा तुमच्या शेवटच्या आठवड्याचा.

तिसरं म्हणणं, स्वस्त फोन, कमी वेळ. हे मात्र मला मान्य आहे, अर्धं. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात रंगवणं, आवाज, लढाई सगळं बसवायचं. वाट शोधायला त्यातले दोन मिलिसेकंद मिळाले तरी नशीब. ८० सैनिकांनी एकदम वाट मागितली की फोन तापतो, मी तो हातात धरलेला आहे. वेग हवाच. पण खोटं न बोलता वेग कमावणाऱ्यांची रांग लागली आहे आणि तिच्यातल्या एकाचंही बोट तुम्ही धरलं नाही. बोटिया, म्युलर आणि शेफर यांनी २००४ मध्ये नकाशा वाड्यांमध्ये विभागून, वाड्यांची दारं आधीच जोडून ठेवून शोध दहा पटींपर्यंत जलद केला, आणि वाट सर्वोत्तम वाटेपेक्षा एका टक्क्याच्या आतच महाग पडते हेही मोजून सांगितलं. हाराबोर आणि ग्रास्तियां यांनी २०११ मध्ये सारख्या खर्चाच्या घरांवर मधली निरुपयोगी घरं उड्या मारून ओलांडायची रीत दिली, तीत अचूकपणा कणभरही जात नाही. (ती आम्हाला लागू पडत नाही, आमच्या जमिनीचे खर्च वेगवेगळे आहेत. पण तुम्ही तिचा विचार करून सोडली असतीत तर तशी टीप दिसली असती.) खूप सैनिक एकाच जागी जाणार असतील तर प्रत्येकाची वाट वेगळी न शोधता मुक्कामापासून उलटा एकच पसारा काढून सगळ्यांना त्याच्या उतारावर सोडता येतं. घरांऐवजी चालण्याजोग्या जमिनीचे मोठे बहुभुज करता येतात. काहीच नाही तर एक शोध चार-पाच चित्रांत वाटून घेता येतो. सैनिकाने एक दशांश सेकंद उशिरा पाऊल उचललं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि तपासणं? ते तर एका दुपारचं काम होतं. अंदाज शून्य करायचा, तोच शोध छोट्या नकाशावर चालवायचा, मिळालेली वाट तुमच्या वाटेशेजारी ठेवायची. दोन आकडे. वेगळे आले तर तुम्ही खोटं बोलत आहात. मी हेच केलं. तिसऱ्या नकाशावर तुमची वाट खऱ्या वाटेच्या दुपटीहून महाग निघाली, गोमुखी नकाशावर तर ती निघालीच नाही.

अंदाज शून्य करून जे उरतं ते एड्सगर डाइकस्ट्रांचं. त्यांची गोष्ट तुम्ही कॉलेजात ऐकली असणार, परीक्षेत लिहिलीही असणार. १९५६ साली ॲम्स्टरडॅममध्ये ते होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेले होते, दमून दोघं एका कॅफेबाहेरच्या टेबलापाशी कॉफी प्यायला बसली, आणि वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, त्यांनी सर्वांत जवळच्या वाटेची रीत डोक्यात मांडली. १९५९ मध्ये ती छापली. पण मला त्या गोष्टीतलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. आर्मॅक नावाचा नवा संगणक लोकांना दाखवायचा होता आणि बघायला येणाऱ्यांत गणिताचा गंध नसलेली माणसं असणार होती. म्हणून त्यांना असा प्रश्न हवा होता जो कोणालाही कळेल आणि ज्याचं उत्तरही कोणालाही कळेल. नेदरलँड्सची ६४ शहरं घेतली. एका शहरातून दुसऱ्या शहरात सर्वांत जवळच्या रस्त्याने कसं जायचं?

कोणालाही कळेल! हेच तुम्ही विसरलात. तुम्ही प्रकाशाच्या हिशेबात चूक केली असतीत तर ती माझ्या भाच्याला दिसली नसती. सावली चार अंश चुकली असती तरी तो खेळला असता. पण वाट चुकली की ती सहावीतल्या पोराला दिसते, आजीला दिसते, ज्याने आयुष्यात कोडची एक ओळ पाहिली नाही त्याला दिसते. संगणकशास्त्रात इतका उघडा प्रश्न क्वचितच असेल. आणि नेमकी तिथेच तुम्ही ती चूक ठेवून गेलात, कोणाच्या लक्षात येणार नाही म्हणून.

त्या मेन्लो पार्कच्या तिघांविषयी आणखी एक सांगायचं राहिलं. १९६८ च्या निबंधातल्या सिद्धतेत त्यांच्याकडून एक अट जास्तीची पडली होती. वाट बरोबरच सापडत होती, कोणाचा यंत्रमानव भिंतीला धडकला नव्हता. तरी १९७२ मध्ये त्याच तिघांनी पुन्हा नावं घालून दुरुस्ती छापली. तुमच्याकडून छापील दुरुस्ती कोणी मागत नाही. जाताना एक मेल चाललं असतं. ‘तो चार घाईत टाकला आहे, नंतर बघा.’ एवढ्या वाक्यावर मी हे पत्र लिहिलं नसतं.

आता आम्ही केलं काय, ते कळवते, कारण कोड अजून अर्धा तुमचाच आहे.

चार काढला. आडवं अधिक उभं मोजणं काढून तिरप्या पावलांचा खरा हिशेब घातला. सर्वांत स्वस्त जमीन ५ ची आहे, म्हणून अंदाजही ५ वर आणला. अपेक्षेप्रमाणे शोध मंद झाला, जुन्या फोनवर तर चांगलाच. मग नकाशा वाड्यांमध्ये विभागला, गोमुखी दार हे दोन वाड्यांमधलं दार म्हणून पातळी उघडतानाच नोंदवून ठेवलं, आणि उरलेला शोध चार चित्रांत वाटला. ३०० ची मर्यादा ठेवली आहे, पण ती लागली तर सैनिक आता भिंतीशी जात नाही. जागेवर थांबतो आणि उरलेली वाट पुढच्या चित्रात मागतो. आम्ही बदललेल्या प्रत्येक आकड्याशेजारी कारण लिहिलं आहे. पूर्ण वाक्यात.

पातळ्या रचणाऱ्या त्या मुलाने चढाचा खर्च पुन्हा २० वर आणला. सैनिक पायऱ्यांनी जायला लागले तेव्हा त्याने मला बोलावलं नाही, एकटाच बघत बसला होता. मी पाणी आणायला उठले म्हणून मला दिसलं.

काल संध्याकाळी भाच्याला नवा बिल्ड दिला. त्याने दारावर बोट ठेवलं. वीस भालाईत निघाले, पायऱ्या चढले, बुरुजाच्या अलीकडेच दाराकडे पाठ करून वळले, त्याच्या पोटाला वळसा घालून खोबणीत शिरले आणि आत गेले. तो काहीच बोलला नाही. लगेच त्याने पुढचे ४० घोडेस्वार पाठवले. ते दारात अडकले. अडकणारच होते, दार दोन घरांचं आहे आणि घोडे चाळीस. तो हसला आणि म्हणाला, ‘ह्यांनी रांग करायला हवी.’ ते आमचं पुढचं काम आहे, आणि त्याचं खापर मी तुमच्या माथी मारत नाही.

पण घोडेस्वारांवरून आठवलं. तुमच्या फाइलच्या शेवटी, वळण घेण्याच्या भागात, ०.७३ असा आकडा आहे. शेजारी टीप नाही. मी तो काढून पाहिला तर घोडे पुलावरून पाण्यात पडतात. ०.७ केला तरी पडतात. ०.७५ केला की पूल ओलांडतात पण परत येताना अडकतात. तुम्ही तो कुठून आणलात, कशाशी जुळवलात, पुलाच्या रुंदीशी की घोड्याच्या लांबीशी, हे तुमच्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. कार्यालयाचा पत्ता बदललेला नाही. एका ओळीत कळवलंत तरी चालेल.

आपली,
तुमच्या खुर्चीवर आता बसणारी